कापलेला ‘अ’

“मी मेलोय का रे? सांग की! हात लावून बघ, गार लागायलोय का?”

अण्णाराव गादीवर उभे राहून ओरडत होते. समोर पांढऱ्या चादरीवर पंधरा-वीस माणसं माना खाली घालून बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पुडा. दाराशी एक म्हातारी पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. मधेच डोळे पुसून ती अण्णांकडं बघायची आणि पुन्हा सुरू करायची. एकदा काढलेला गळा मधेच कसा थांबवायचा, हे बिचारीला सुचत नव्हतं.

“सोपान, तू सांग. मी कोण हाय?”

सोपानमामा म्हणजे उमरगा रस्त्यावरच्या एका गावचे शेतकरी, अण्णांचे चाळीस वर्षांचे गिऱ्हाईक. ते वर न बघताच म्हणाले, “अण्णा हाईस.”

“मग मेलं कोण?”

“तूच की. रेडिओ म्हणायलाय.”

नेमकं त्याच वेळी मी आळंदच्या त्या कापड दुकानात पाऊल टाकलं. आणि रेडिओ म्हणजे मीच.

म्हणजे मी गुलबर्ग्याच्या एका एफेम स्टेशनचा मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह. हे पद माझ्या आईला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. ती शेजारणीला सांगायची, “आमचा दिगंबर रेडिओत असतोय.” शेजारणीनं वर्षभर रेडिओ ऐकला आणि एक दिवस म्हणाली, “अक्का, तुमच्या लेकाचा आवाज काय येत न्हाई बघा. काढलं का काय त्याला?” आता तिला कसं सांगावं की रेडिओत दोन जातीची माणसं असतात. एक बोलणारी, आणि दुसरी त्या बोलण्याची जागा विकणारी. बोलणाऱ्याला लोक लग्नाला बोलावतात. विकणाऱ्याला बघून लोक मागच्या दारानं निघून जातात. मी एकवीस वर्षं मागच्या दारावर उभा राहून धंदा केला.

धंदा समजायला सोपा आहे. आम्ही हवा विकतो. पेपरातली जाहिरात कापून भिंतीला चिकटवता येते, पाहुण्याला दाखवता येते, तिच्यावर भजीसुद्धा खाता येतात. रेडिओची जाहिरात दहा सेकंदांत येते आणि जाते, घाईतल्या पाहुण्यानं दारातूनच रामराम घालावा तशी. त्यामुळे आमचं प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्या दिवशी एकच तक्रार करतं: “दिसत न्हाई की वो.” आणि दुसऱ्या दिवशी दुसरी: “नाव एकदाच घेतलंव.” एका तूरडाळ मिलच्या मालकांनी मला दहा सेकंदांत स्वतःचं नाव अकरा वेळा घ्यायला लावलं. ऐकणाऱ्याला वाटायचं, हे गृहस्थ हरवलेत आणि घरचे हाका मारत फिरतायत.

हुमनाबादच्या एका ढाब्याच्या मालकाची तऱ्हा त्याहून निराळी. त्याला जाहिरातीत वास पाहिजे होता. म्हणाला, “माझी सगळी कमाई फोडणीच्या वासावर हाय. वास आणा.” मी म्हटलं, वास येत नाही, आवाज आणतो. यंत्र घेऊन त्याच्या चुलीशी उभा राहिलो. तापल्या तेलात लसूण, जिरं, लाल मिरची पडल्यावर जो चुर्र आवाज होतो, तो असा टिपला, की ऐकून माझ्या स्वतःच्या तोंडाला पाणी सुटलं. जाहिरात सुरू झाली आणि आठ दिवसांत ढाब्यावरची गर्दी निम्मी झाली. का, ते एका लॉरी ड्रायव्हरनं सांगितलं: “साब, तुम्हारा टेशन हुमनाबाद आतेच खराब होता. कैसी तो बी खरखर आती. मैं टेशनच बदल देता.” हायवेवरचा प्रत्येक ड्रायव्हर ती फोडणी ऐकून रेडिओच्या टाळक्यात थापड मारत होता. एकाचा तर रेडिओच फुटला म्हणतात. मी फुटलेला पाहिला नाही, पण पाहिला असं सगळीकडं सांगत आलोय.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळायला हवी होती. आपण सोडतो एक आणि कानात जाऊन पडतं दुसरं. पण कळली नाही, म्हणून तर अण्णाराव गादीवर उभे राहून ओरडत होते.

आता अण्णांची गोष्ट सरळ सांगतो.

आळंदच्या बाजारात अण्णारावांचं कापड दुकान. पाटीवरचं नाव उन्हानं कधीच पुसून गेलेलं, पण अडत कुणाचं नव्हतं. “अण्णाचं दुकान” म्हटलं की बैलसुद्धा आपोआप तिकडं वळायचे. बरोबर समोर मल्लप्पांचं कापड दुकान. मधे रस्ता बारा फुटांचा, आणि त्या बारा फुटांवरून चाळीस वर्षांत दोघांत एक शब्द गेला नव्हता. का, ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण नेम मोडला नव्हता. अण्णांकडं मराठी मुलखातली गिऱ्हाईकं, उमरगा आणि अक्कलकोटच्या अंगाची. मल्लप्पांकडं कन्नड गावांतली. लग्नाचा बस्ता बांधायचा, म्हणजे मांडवातल्या सगळ्यांचे कपडे एकाच बैठकीत खरेदी करायचे, तर सोपानमामांसारखी माणसं सकाळी अण्णांच्या गादीवर बसायची आणि दिवेलागणीलाच उठायची.

मग अण्णांच्या काळजाचं ऑपरेशन सोलापूरला झालं. आठ महिने ते घरी पडून. दुकान मुलानं, शिवराजनं बघितलं. शिवराज चांगला पोरगा, पण त्याला कापडाचा कंटाळा. त्यानं गादी काढून काऊंटर लावला. मराठवाड्याच्या माणसाला उभ्यानं लुगडं दाखवणं म्हणजे पाहुण्याला अंगणातच चहा देऊन वाटेला लावणं. गिऱ्हाईक हळूहळू समोर सरकलं. अण्णा बरे होऊन परत आले तेव्हा दुकानात माणसांपेक्षा माश्या जास्त होत्या, आणि शिवराजच्या खिशात एका मोबाईल कंपनीचा कागद होता. कंपनीला शोरूमसाठी हीच जागा पाहिजे होती.

“अप्पा, ही लगनसराई बघू,” शिवराज म्हणाला. “तुमची जुनी गिऱ्हाईकं आली तर दुकान तुमचं. न्हाई आली तर मी सही करणार.”

अण्णांनी पहिलं काम केलं ते गादी परत घातली. दुसरं काम म्हणजे मला बोलावलं. मी बारा वर्षं त्यांच्याकडं खेटे घालत होतो आणि बारा वर्षं ते म्हणत होते, “हवेत पैसा सोडायला मी काय पतंग उडवायलोय व्हय?” या वेळी नुसतं म्हणाले, “दिगंबर, सगळ्यांस्नी कळू दे. अण्णा आलाय म्हणावं.”

एवढंच पाहिजे होतं त्यांना. अण्णा आलाय.

जाहिरातीचं गाणं आमच्या बेंगळूरच्या माणसानं लिहिलं. आळंद हे गावाचं नाव आणि ‘बंद’ हे कन्नड क्रियापद, असं यमक जुळल्यावर त्या गड्याला झोप आली नसणार. ज्यांना कन्नड येत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कन्नडात ‘बंद’ म्हणजे ‘आला’. शेवटचा ‘अ’ पुरा म्हणायचा, बंद-अ, असा. गाणं होतं: “आळंदद अण्णा बंदऽ, अण्णा बंदऽ, अण्णा बंदऽ!” म्हणजे आळंदचा अण्णा आला, अण्णा आला. ढोलकी अशी, की अंथरुणातलं माणूस उठून बसावं.

फक्त एक भानगड होती. गाणं भरलं अकरा सेकंद. आणि अण्णांनी घेतली होती दहा सेकंदांची जागा. आमच्या धंद्यात अकरावा सेकंद म्हणजे सरळ पुढच्या मापात, म्हणजे पुढच्या दरात, उडी. मी स्टुडिओतल्या माणसाला म्हटलं, “प्रत्येक ओळीच्या शेवटचा तो अ लांबलाय बघ. छाट.” त्यानं छाटला. तीन ठिकाणचे तीन अ गेले आणि गाणं दहा सेकंदांत असं चपखल बसलं, जसा पायात जुना जोडा.

मी ते चार वेळा ऐकलं. मान डोलावली. पास केलं.

तुम्ही म्हणाल, दिगंबर, तू आळंद तालुक्याचा, आईचं दूध मराठीत प्यालेला, तुझ्या कानाला कळलं नाही? नाही कळलं. कारण आमच्या भागातल्या माणसाच्या डोक्यात तीन खोल्या असतात. घरी मराठी, ऑफिसात कन्नड, आणि रागावलं की दखनी. खोली बदलली की माणूस बदलतो. मी ऑफिसात बसलो होतो, म्हणजे कन्नडाच्या खोलीत. तिथं ‘बंद’ म्हणजे ‘आला’च असतो, अ असो वा नसो.

हे तीन खोल्यांचं प्रकरण पुढं मोबाईलवरच्या गाण्यांचं काम माझ्याकडं आलं तेव्हा तर फारच गाजलं. फुकट गाणी ऐकणाऱ्याला दोन गाण्यांच्या मधे आम्ही जाहिरात ऐकवतो, आणि कोण माणूस काय ऐकतो ते बेंगळूरच्या ऑफिसात पडद्यावर दिसतं. एकदा तिथल्या बाईंचा घाबरून फोन आला: “दिगंबर, भालकीत एक खातं आहे. पहाटे कन्नड संतांची वचनं, दुपारी मराठी तमाशाची गाणी, संध्याकाळी उर्दू कव्वाली. हे एकत्र कुटुंब आहे का कुणी फोन चोरलाय?” मी चौकशी केली. एकच माणूस होता. पिठाची गिरणी चालवत होता.

तर जाहिरात सोमवारी सुरू झाली. आळंद गावात काहीच झालं नाही, कारण गावाला अण्णा आल्याचं दिसतच होतं. पण उमरग्याच्या अंगाच्या खेड्यांत घरोघरी चुलीसमोर मराठी कान बसले होते. त्या कानांत शुद्ध मराठीत पडलं: आळंदचा अण्णा बंद. अण्णा बंद. अण्णा बंद. दिवसातून चौदा वेळा, ढोलकीवर.

पहिल्या दिवशी लोक म्हणाले, अण्णाचं दुकान बंद झालं वाटतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चाळीस वर्षांत पोळ्याला बंद न्हाई, दसऱ्याला बंद न्हाई, आता कामून बंद? तिसऱ्या दिवशी कुणाला तरी सोलापूरचं ऑपरेशन आठवलं. मग कोडं सुटलंच की. दुकान कुठं म्हणतोय रेडिओ? अण्णा म्हणतोय. अण्णाच बंद!

आणि सोयऱ्याधायऱ्यांत दुखवट्याला रिकाम्या हातानं जात नाहीत. घरच्या कर्त्याच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, बायकांना साडी. म्हणून गुरुवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, दोन जीप आणि एक ट्रॅक्टर भरून माणसं आळंदला उतरली. टॉवेल-टोपी घ्यायची कुठं? अण्णाचं तर बंद; दार उघडं दिसलं ते दुखवट्यासाठीच उघडलंय असं वाटलं. सगळी गेली मल्लप्पांकडं. तिथं पुडे बांधून घेतले, बारा फुटांचा रस्ता ओलांडला, आणि रडत रडत अण्णांच्या दुकानात शिरली. समोर अण्णा गादीवर बसून पान लावत होते.

इथं मी आत आलो.

“ह्यो बघा आला!” अण्णा माझ्यावर धावले. “अरे, अण्णा आलाय म्हण म्हणालो होतो की रं तुला! तू मला पार पोचवून आलास!”

मी सगळं समजावलं. कन्नडात बंद म्हणजे आला. मराठीत बंद म्हणजे बंद. गाणं बेंगळूरला लिहिलं, त्या लोकांना आपल्याकडचं काय कळतंय, असं सांगून सगळं खापर साडेपाचशे किलोमीटरवर नेऊन फोडलं. छाटलेल्या तीन अ-बद्दल मी चकार शब्द काढला नाही. आज पहिल्यांदाच काढतोय.

सोपानमामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी तू न्हाई मेलास.”

“न्हाई!”

“मग आमी उगंच आलाव की. सुगीचे दिवस हायती. ट्रॅक्टरचं तेल जळलं.”

“मी मरायला पाहिजे होतो का रं तुझ्या तेलासाठी?”

“तसं न्हाई. पर सांगायचं होतंस.”

अण्णांच्या तोंडून आता काय बाहेर पडणार, म्हणून मी डोळे मिटले. डोळे उघडले, तर अण्णांची नजर सोपानमामांच्या मांडीवरच्या पुड्यावर खिळली होती. पुड्यावर मल्लप्पांच्या दुकानाचं नाव.

“ते काय हाय?”

“टॉवेल-टोपी. तुझ्याच दुखवट्याची.”

“कुणाकडनं घेतलंस?”

“समोरनं.”

“चाळीस वर्षं माझ्याकडनं बस्ता बांधलास,” अण्णांचा आवाज आता खरोखर फुटला, “तुझ्या लगनाचं धोतर माझं, तुझ्या पोरांची बाळुती माझ्या दुकानातली, आन माझ्या मढ्यावर मल्लप्पाचा टॉवेल?”

“तू बंद म्हणल्यावर कुणाकडनं घ्यावं? सांग.”

अण्णा खाली बसले. “आण हिकडं,” म्हणाले. पुडा सोडला. टॉवेल दोन बोटांत धरून चोळला, उजेडाकडं धरला, नाकाला लावला. मी माणसाचा चेहरा असा बदलताना पाहिलेला नाही. आठ महिन्यांचा आजार, मुलाचा कागद, आताचं मरण, सगळं धुऊन निघालं आणि खाली निव्वळ कापडवाला उरला.

“खळ हाय नुसती. धुतलास की हातरुमाल व्हतोय. ह्यो टॉवेल तुला टोपीगत डोक्यावर घालावा लागंल.” मग मागं हात घालून आपल्याकडचा टॉवेल काढून त्यांच्या मांडीवर टाकला. “ह्यो बघ. ह्याला म्हणत्यात टॉवेल. मी मेलो तर ह्यो आण.”

सोपानमामांनी चोळून बघितला. शेजारच्यानं बघितला. म्हातारीनं रडणं थांबवलं आणि तिनंही बघितला. मग विषय टॉवेलावरून धोतरावर गेला, धोतरावरून साडीवर. साडी दिसल्यावर सोपानमामांना आठवलं, की नातीचं लगन पंधरा दिवसांवर आलंय आणि बस्ता बांधायचाच आहे. “आलावच हाव तर…” ते म्हणाले. हे तीन शब्द ऐकायला कापडवाला जन्मभर गादीवर बसतो.

चहा आला. पायांवर पाय पडले. साड्यांच्या थप्प्या उलगडल्या. माझ्या हातात कुणीतरी एका टोकाचा पदर दिला आणि मी तासभर तो धरून उभा. दुपारी आणखी एक जीप आली, रडत. तिचीही तीच गत झाली. शुक्रवारी अक्कलकोटच्या बाजूची माणसं आली. मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. त्या आठवड्यात आलेल्या जीपा मोजल्या तर अण्णांनी अजून दीडशे वर्षं जगायला पाहिजे होतं. रडत आत जायचं आणि बस्ता घेऊन हसत बाहेर यायचं, असं दुकान मी तरी दुसरं पाहिलं नाही.

शनिवारी बेंगळूरहून साहेबांचा फोन आला. त्यांना कुठून तरी कळलं होतं. “ताबडतोब ती जाहिरात काढ.” मी आळंदला जाऊन अण्णांना सांगितलं, काढतोय. अण्णांच्या आधी शिवराजच बोलला. तो काढून टाकलेल्या काऊंटरच्या फळ्यांवर साड्यांच्या घड्या घालत होता, खिशात हात घालायलाही फुरसत नव्हती, मग कागदावर सही कुठली.

“काढू नका वो,” तो म्हणाला. “अप्पा, आजून एक आठवडा मेल्यालेच राव्हा.”

बाहेर पडलो तर समोर मल्लप्पा आपल्या उंबऱ्यावर बसलेले. त्यांच्या मागच्या फळीवर पांढरं कापड म्हणून नावाला शिल्लक नव्हतं. मला राहवलं नाही. म्हटलं, “मल्लप्पा, अण्णा समोर जिवंत बसल्याले तुम्हाला दिसत होते की. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. आन तुम्ही त्यांच्याच दुखवट्याचे टॉवेल इकलाव?”

मल्लप्पांनी चष्मा पुसला. “गिऱ्हाईकानं टॉवेल मागितला, दिला. अण्णा जिवंत हाय का म्हणून कुणी इचारलं न्हाई.”

कागद मोबाईल कंपनीकडं परत गेला. अण्णा गादीवर राहिले. आणि दरवर्षी लगनसराईच्या तोंडावर त्यांचा मला फोन यायचा: “दिगंबर, मला मारायचं दिवस आले बघ.” तेच गाणं, तसंच छाटलेलं. एकदा मी धीर करून म्हटलं, आता दुरुस्त करून शेवटचा अ लावू का? म्हणाले, “कशाला? आला म्हणलं तर कोण बघाय येतंय? गेला म्हणलं की सगळी येत्यात.”

गावोगाव ती थट्टाच झाली. रेडिओवर, पुढं मोबाईलवर गाण्यांच्या मधे, ‘अण्णा बंद’ वाजलं की लोक म्हणायचे, बस्त्याचे दिवस आले, अण्णाचा सेल लागला. सहा वर्षं हे चाललं. त्या सहा वर्षांत मला कंपनीनं दोनदा बक्षीस दिलं, कल्पक जाहिरातीसाठी. दोन्ही वेळा मी व्यासपीठावर जाऊन भाषण केलं, की दुहेरी अर्थाची ही कल्पना मला पहाटे सुचली.

सातव्या वर्षी, लगनसराईतच, एका बुधवारी सकाळी शिवराजचा फोन आला. अण्णा चहा पिता पिता गेले होते, घरी, खुर्चीत. “दिगंबरकाका,” तो म्हणाला, “सगळ्यांस्नी कळवा. तुमच्याकडनं लवकर कळंल.”

मी पहिलं काय केलं असेल तर स्टेशनला फोन लावला. पण आठची वेळ होऊन गेली होती. जाहिरात वाजली होती, ढोलकीसकट. उरलेल्या तेरा थांबवल्या. मोबाईलवरच्या थांबायला दुपार झाली, कारण ते बटण बेंगळूरला असतं आणि बटण दाबणाऱ्या बाई मीटिंगमधे होत्या. मग मी एकेकाला स्वतः फोन करत सुटलो. पहिला सोपानमामांना.

“मामा, अण्णा गेले.”

“व्हय, ऐकलं सकाळी,” मामा म्हणाले. “ह्या वर्षी सेल कवापत्तोर हाय?”

मी गयावया केली, आईची शपथ घेतली. मामा हसायला लागले. म्हणाले, “दिगंबर, लई गुणी हाईस. आदी नुसतं गाणं होतं, आता घरोघरी फोन करायलास व्हय?” दुसऱ्यानंही तेच. तिसऱ्यानं माझ्या रडक्या आवाजाची वाहवा केली. एकवीस वर्षं मी लोकांना आवाजावर विश्वास ठेवायला शिकवत होतो. त्या सकाळी माझ्या आवाजाला कुणी कवडीची किंमत दिली नाही.

दुपारी मी आळंदला पोचलो तेव्हा अण्णांच्या घरासमोर गावातली माणसं होती. खेड्यांतलं कुणीच नव्हतं. पण बाजारात उमरग्याकडची एक जीप उभी दिसली. बस्त्यासाठी आली होती, हसत खिदळत. त्यांना अण्णांचं दुकान बंद दिसलं. ते हसले, एकमेकांना टाळ्या दिल्या. मग मागं वळून बघितलं, तर मल्लप्पा स्वतः आपल्या दुकानाचं शटर खाली ओढत होते. गुरुवारच्या बाजाराआधीचा दिवस, भर लगनसराई, आणि मल्लप्पांचं शटर खाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे कुणी पाहिलं नव्हतं. जीपवाल्यांचं हसू तिथंच थांबलं.

शटर जड होतं, मल्लप्पांचं वय झालं होतं. मी पुढं होऊन हात लावला. जीपमधून उतरलेले सोपानमामाही जवळ आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण विचारलं मल्लप्पांना. माझ्या तोंडावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

“मल्लप्पा, टॉवेल-टोपी घ्यायचं असलं तर? कामून बंद केलाव?”

मल्लप्पांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि किल्ली कमरेला खोचली.

“अण्णा बंद,” ते म्हणाले.